चौकाखालचा कान

या, असे पुढे या. सतरंजी अजून मोकळी आहे. मागे भिंतीला टेकून बसलात तर पाठीला बरं वाटेल, पण गोष्ट कानात शिरायची नाही. मृदंगवाला कणीक लावून सूर जमवतोय, बुवांना यायला घटकाभर अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हाला जांभुळटेकची गोष्ट सांगतो. रस्त्याची गोष्ट आहे आणि विण्याची आहे. ऐकताना थोडी भीती वाटेल. मला तर सांगतानाही वाटते. पण देवाच्या दारात बसून ऐकायची गोष्ट आहे, तेव्हा घाबरलात तरी शेजारी कुणीतरी आहेच.

जांभुळटेक हे तीस वर्षांपूर्वी दोनशे उंबऱ्यांचं गाव. पलीकडच्या माळावर औद्योगिक वसाहत आली आणि गाव फुगत गेलं. चाळी उठल्या, भाड्याच्या खोल्या उठल्या, मोबाइलच्या दुकानापासून रक्त तपासायच्या दुकानापर्यंत सगळं रस्त्याच्या कडेला येऊन दाटीनं बसलं. रस्ता मात्र तेवढाच राहिला. आणि हा रस्ता जायचा कुठून, तर देवाच्या अंगणातून. फार मागे कुणा साहेबानं नकाशावर सरळ रेघ ओढली, तेव्हा विठोबाचं देऊळ रेघेच्या एका बाजूला राहिलं आणि त्याची दीपमाळ दुसऱ्या बाजूला. मधल्या अंगणावर डांबर पडलं. तेव्हापासून गावातली जुनी माणसं एक रीत पाळतात. दीपमाळेशी चपला काढायच्या आणि रस्ता अनवाणी ओलांडायचा. डांबर असलं म्हणून काय झालं, अंगण देवाचं आहे.

त्या अंगणातून रोज चार हजार कंटेनर जायचे.

गहिनीनाथ लोंढे हे त्या जुन्या माणसांतले. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. वय बहात्तर. त्यांची मुलगी हर्षदा ग्रामपंचायतीत भूश्रवण केंद्र सांभाळायची. आता हे भूश्रवण म्हणजे काय, तेवढा पूर्वरंग लावतो आणि मग पुढं जातो.

रस्त्याखालून इंटरनेटची तार जाते, ती आत काचेची असते, केसासारखी बारीक. तिच्या एका टोकातून प्रकाशाची चुणूक सोडली की वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून तिचा अगदी किंचित अंश परत येतो. वरून कुणी चाललं की जमीन थरथरते, काच न दिसेलशी ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. त्या बदलावरून कळतं की कुठल्या मीटरवर, किती वजनाचं, कशा चालीचं काय गेलं. म्हणजे तार जिथून जाते तिथं जमिनीला कान फुटतात. माणसाचा आवाज ओळखू येतो तशी चालही ओळखू येते. या कानाला नाव कळत नाही. तो प्रत्येक चालीला एक क्रमांक देतो.

हे कान रस्ते मोजण्यासाठी लावले होते. बाह्यवळण कुठल्या गावाला द्यायचं आणि कुठल्या नाही, हे पुढाऱ्यांच्या हाती नको, असं सरकारनं ठरवलं. चांगलंच ठरवलं. कानानं नव्वद दिवस ऐकायचं. मग संगणकानं त्या गावाचं पुढचं एक वर्ष आपल्या पोटात दहा हजार वेळा जगून बघायचं. कुठला ट्रक कधी निघेल, कुठली बाई कधी दळण घेऊन रस्ता ओलांडेल, सगळं थोडंथोडं बदलून दहा हजार वेळा. दर वेळी किती माणसं मेली ते मोजायचं आणि सरासरी काढायची. सरासरी वर्षाला तीनच्या वर गेली तर बाह्यवळण मंजूर. तीनच्या खाली राहिली तर पाच वर्षांनी पुन्हा अर्ज.

सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी, म्हणजे मोजणीच्या त्र्याऐंशीव्या दिवशी, जांभुळटेकचा आकडा होता तीन पॉइंट शून्य चार.

रस्ते खात्याचे अभियंता इरफान तांबोळी त्या सकाळी केंद्रात चहा घेत बसले होते. सरपंच मंदाताई चोपडे पेढे घेऊन आल्या.

"तांबोळी साहेब, तोंड गोड करा."

"ताई, सात दिवस बाकी आहेत अजून."

"सात दिवसांत काय माणसं अमर होणारेत का आमची?" मंदाताई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनीच जीभ चावली.

तांबोळींनी पेढा हातात तसाच धरला. "हर्षदाताई, तुम्हाला परत सांगतो. कुठला क्रमांक किती वेळा मेला, ती यादी उघडू नका. तो चाळा वाईट. समजा उघडलीच, तर कुणाला काही सांगू नका. माणसाला कळलं की तो वाट बदलतो, आणि मग सगळी मोजणी वाया."

"उघडून करू काय मी, साहेब? नुसते आकडेच तर आहेत."

साहेब गेले आणि तिनं यादी उघडली. हे असंच होतं. तुम्ही आम्हीही उघडली असती.

सगळ्यात वर होता चालीचा क्रमांक चारशे सतरा. दहा हजार वर्षांपैकी आठशे बारा वर्षांत तो मेला होता. तिनं सहज त्याची चाल उघडली. डावं पाऊल आखूड. दीपमाळेपाशी आठ सेकंद थांबतो. मग पावलाचा आवाज मऊ होतो, जणू पाय कापसात गुंडाळलेत. बावीस पावलांत रस्ता ओलांडतो. रोज सकाळी साडेअकराला.

आठ सेकंद. अण्णांना वाकून चपलेचा अंगठा सोडवायला आठ सेकंद लागायचे. गुडघा धरत होता त्यांचा.

हर्षदानं पडदा बंद केला. पुन्हा उघडला. आठशे बारा तसाच होता. आपला बाप आठशे बारा वेळा देवळासमोरच्या चौकात पडलाय, असंच तिला दिसायला लागलं. एकदा या कडेला, एकदा त्या कडेला, एकदा पाठीवर, एकदा तोंडावर.

दुपारी ती घरी आली तेव्हा अण्णा विण्याच्या तारा पुसत होते. सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोन-दोन तासांचे पहारे असतात. पुढचा आला, त्यानं विणेकऱ्याच्या पाया पडून विणा गळ्यात घेतला, की मगच आधीचा सुटतो. दुपारी बारा ते दोन हा अण्णांचा पहारा, अडतीस वर्षांचा.

"अण्णा, डॉक्टरांचा फोन होता," ती म्हणाली. "तुमचा रक्तदाब वाढलाय. आठ दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणालेत."

"मला काय धाड भरलीय? आणि पहारा कोण करील, तुझा डॉक्टर?"

"उन्हात उभं राहिलात तर पडाल म्हणाले."

"विठोबापुढं पडलो तर पडलो गं. बाहेर कुठं पडण्यापेक्षा बरं."

त्यावर ती रडली. खोटं रडली नाही. अण्णांनी विणा मांडीवरून खाली घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. आई गेली तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती.

"बरं बाई," ते म्हणाले. "नाही जात. माझ्या पहाऱ्याला तेवढा कुणाला तरी धाडतो."

हे शेवटचं वाक्य तिनं ऐकलं होतं. कानावर पडलं होतं. पण भीती कानात बसली की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.

संध्याकाळी केंद्र बंद करण्याआधी तिनं आणखी एक केलं. गाव सोडून गेलेल्यांसाठी यादीत एक खूण असते. ती केली की तो क्रमांक मोजणीतून निघून जातो. उद्यापासून अण्णा रस्त्यावर दिसले नाहीत तर साहेब विचारतील, म्हणून तिनं चारशे सतराला ती खूण केली. संगणकानं क्षणभर विचार केला आणि नवा आकडा दाखवला. दोन पॉइंट नऊ सहा.

एका माणसाला काढलं आणि गावाचा रस्ता गेला. तिला वाटलं, आत्ता खूण पुसावी. मग वाटलं, उद्या पुसू. बाप घरात आहे, एवढं एक सुख तिनं त्या रात्रीपुरतं मागितलं.

सप्ताहाचे पहिले तीन दिवस भजनात गेले. रोज खूण पुसायची म्हणून ती केंद्रात जायची आणि न पुसता परत यायची. पेढे खाल्लेली माणसं वाटेत भेटायची. "काय मग हर्षदा, आकडा बरा आहे ना?" ती मान हलवायची. मान कुठल्या बाजूला हलली ते तिलाही कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी साडेअकराला ती पडद्यापुढं बसली होती. चालू क्षणाची पावलं पडद्यावर हिरव्या ठिपक्यांनी उमटतात, कंटेनर लाल पट्ट्यांनी. कोंडी झाली होती. दोन लाल पट्टे देवळासमोर थांबलेले, मधे माणूस जाईल एवढी फट.

दीपमाळेपाशी एक ठिपका येऊन थांबला.

एक, दोन, तीन. ती मोजत होती, आपण मोजतोय हे तिला ठाऊक नव्हतं. पाच सेकंदांनी ठिपक्याचा हिरवा रंग फिका झाला. अनवाणी पाऊल.

अण्णा. अण्णा निसटले.

तिनं फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. ठिपक्यानं डांबरावर पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

"बोल गं," अण्णांचा आवाज आला. मागे घरातला पंखा घरघरत होता.

"तुम्ही कुठं आहात?"

"असणार कुठं? तू घातलेल्या कोंडवाड्यात. का गं?"

तिसरं, चौथं.

"मग चौकात कोण आहे?"

"बापू असेल. पहारा नको का द्यायला? गेले तीन दिवस तोच जातोय. म्हणाला, अण्णा, तुमच्या जागी म्हणजे तुमच्यासारखंच जाणार, चपला तुम्ही काढता तिथंच काढणार."

बापू धोंगडे म्हणजे शिंपी. त्यांचं दुकान आणि घर दीपमाळेच्याच बाजूला. पाय थोडा अधू, म्हणून ते रस्ता कधी ओलांडायचे नाहीत. मशीनवर बसूनच देवळाकडे हात जोडायचे. गावातल्या प्रत्येक वासुदेवाची टोपी आणि देवाचा अंगरखा त्यांनीच शिवलेला.

तीन दिवस हर्षदा दुपारी पडद्याकडे बघतच नव्हती. बापाची वाट रिकामी दिसेल म्हणून.

पाचवं पाऊल. अण्णांचे तळवे साठ वर्षांचं डांबर सोसून दगड झाले होते, ते सावकाश चालायचे. बापूंचे तळवे शिलाई मशीनच्या पायट्यावरचे, मऊ. वैशाखातलं डांबर त्यांना सोसेना. सहावं पाऊल लांब पडलं, पळाल्यासारखं. लाल पट्टा हलला. कोंडी सुटली होती. चालकानं आरशात पाहिलं होतं, समोर पाहिलं होतं, पण दोन कंटेनरच्या फटीतून पळत येणारा माणूस त्याच्या उंचीवरून दिसत नाही.

सातवं पाऊल. त्यानंतर ठिपका नाही.

फोनमध्ये अण्णा विचारत होते, "हर्षे? काय झालं गं? हर्षे?"

ती उठली, पण दाराकडे गेली नाही. तिनं यादी उघडली. का उघडली, तिला पुढं कधी सांगता आलं नाही. बापूंची चाल शोधली. क्रमांक बाराशे तीन. दुकान ते घर, घर ते दुकान. पुढं मृत्यूंचा रकाना होता, सप्ताहाच्या आदल्या दिवशीच्या हिशेबाचा. त्यात शून्य होतं. दहा हजार वर्षांत बापू धोंगडे या चौकात एकदाही मेले नव्हते.

संगणकाची त्यात चूक नव्हती. विणा खाली ठेवत नाहीत हे संगणकाला कुणी सांगितलेलं नव्हतं. एक माणूस काढला की त्याची जागा रिकामी राहते, एवढंच त्याला माहीत. हर्षदाला मात्र लहानपणापासून ठाऊक होतं की ती जागा रिकामी राहत नाही.

ती चौकात पोचली तेव्हा बापूंना नेलं होतं. दीपमाळेशी चपलांची जोडी होती, एकीला आतून स्वतः शिवलेलं कातडी ठिगळ, दोन्ही नीट जुळवून ठेवलेल्या. मांडवात कुलथे गुरुजी विणा घेऊन उभे होते. त्यांचा पहारा दहा ते बारा. बारा वाजून गेले, एक वाजला. पाय थरथरत होते, तोंडात नाम होतं आणि डोळे रस्त्याकडे. घ्यायला येणारा आला नव्हता, आणि त्यांच्यापुढं जायची हिंमत कुणाला होत नव्हती.

थोड्या वेळानं अण्णा आले. त्यांनी बापूंच्या चपलांशेजारी आपल्या चपला काढल्या. हर्षदानं त्यांचा हात धरला.

"अण्णा, नका. मी खोटं बोलले. डॉक्टरांचा फोन नव्हता." आणि मग भर चौकात, हॉर्नच्या कालव्यात, तिनं सगळं सांगितलं. आठशे बारा सांगितले, खूण सांगितली, दोन पॉइंट नऊ सहा सांगितला.

मंदाताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे रस्ता गेला? अगं, बापाला वाचवताना साऱ्या गावाला लोटलंस?"

"खूण पुसते," हर्षदा म्हणाली. "पुसली की आकडा पुन्हा वर जाईल. तीन दिवस आहेत. यादीतल्या चाली ओळखून नावंही वाचून दाखवते, ज्याला त्याला कळू दे."

बापूंची बायको शकुंतला दुकानाच्या पायरीवर बसली होती. बायका तिला धरून होत्या. ती तिथूनच म्हणाली, अगदी हळू, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्या माणसाचं नाव होतं का त्या यादीत?"

"त्यांच्यापुढं शून्य होतं," हर्षदा म्हणाली.

"नव्हतं ना? मग कशाला वाचतेस. ज्याचं नाव नाही तो निर्धास्त होईल."

अण्णांनी हर्षदाचा हात सोडवला. कंटेनरच्या फटीतून नेहमीसारखे, बावीस पावलांत, ते पलीकडे गेले. आणि ती बावीस पावलं हर्षदानं श्वास न घेता मोजली. त्यांनी गुरुजींच्या पाया पडून विणा गळ्यात घेतला. गुरुजी तिथंच खाली बसले.

पण अण्णा मांडवात थांबले नाहीत. विणा घेऊन ते परत वळले आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. समोरच्या कंटेनरनं हॉर्न दिला. त्याची धग त्यांच्या चेहऱ्यावर येत होती.

"अहो अण्णा, मांडव इकडं आहे," कुणीतरी ओरडलं.

"पहारा देवाच्या अंगणात असतो," अण्णा म्हणाले. "हे अंगण आहे. मी आपला मधे उभा आहे, एवढंच."

पहिल्यांदा गुरुजी सरकत आले. मग टाळकरी आले. शकुंतला उठली, दीपमाळेपाशी चपला काढून आली. घाबरलेली माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात तसं सगळं गाव त्या डांबरावर येऊन उभं राहिलं. चालक खाली उतरले. त्यांच्यातल्या एकानं बापूंना पडताना पाहिलं होतं, तो येऊन टाळ घेऊन उभा राहिला.

काल्याच्या दिवशी तांबोळी साहेब आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हर्षदाताई, ही भानगड मला वर कळवावी लागेल. तुमची नोकरी राहील असं वाटत नाही."

"कळवा. मीच लिहून देते."

"आणि चौकाचा आकडा आज शून्य आहे. गाड्याच जात नाहीत. फाईल बंद होणार."

"विणा खाली ठेवला तर?"

त्यांनी हातातल्या पडद्यावर बघितलं. "खूण पुसून, आणि एकाच्या जागी दुसरा जातो हे धरून, तीन पॉइंट तीन एक. पहिल्यापेक्षा जास्त."

आता यातली भीती लक्षात घ्या. सात दिवसांचा सप्ताह संपला, काला झाला, लाह्या वाटल्या, आणि विणा खाली ठेवायचा धीर कुणाला होईना. खाली ठेवला की तीन माणसं. कोण, ते ठाऊक नाही. म्हणून आठव्या दिवशी कुणीतरी पहारा घेतला. नवव्या दिवशीही घेतला. पोलीस आले, समजावून गेले, पुन्हा आले. रुग्णवाहिका आली की विणेकरी दोन पावलं बाजूला होई, ती गेली की पुन्हा मधे. बाकी सगळी वाहनं गायरानातून फिरून जायला लागली. चाकांनीच मुरुमात वाट पाडली. पहिल्याच पावसाळ्यात तिचा चिखल झाला, कंटेनर रुतले, वसाहतीतला माल अडला. मग जे आकड्यानं केलं नव्हतं ते रुतलेल्या मालानं केलं. त्या चाकोरीवरच बाह्यवळण आखलं गेलं.

चारशे एकतीस दिवस लागले. विणा जमिनीला लागला नाही. हर्षदाची नोकरी पहिल्याच महिन्यात गेली. जांभुळटेकमध्ये तोवर बाईनं विणा घेतला नव्हता, पण बारा ते दोनचा पहारा तिनं मागितला आणि कुणी नाही म्हटलं नाही. अण्णा तिच्याशेजारी टाळ धरायचे. बाह्यवळणावरून पहिला कंटेनर गेला त्या दुपारी तिनं विणा उतरवून देवापुढं ठेवला. तिच्या खांद्यावर दोरीचा वण पडला होता. तो अजून आहे.

ती सांगते, अजूनही कधी डांबरावर पाय ठेवला की आपोआप मोजणी सुरू होते. सातपर्यंत येते आणि थांबते. आठवं पाऊल तिला मुद्दाम टाकावं लागतं. शेजारच्या गावांत ते कान अजून आहेत, ऐकताहेत. कुठल्यातरी केंद्रात आत्ता कुणीतरी यादी उघडून बसलं असेल आणि आपल्या माणसाचा क्रमांक शोधत असेल.

बुवा आले बघा. मी आवरतं घेतो. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जांभुळटेकच्या बाह्यवळणावरून कधी जाल, रस्ता चांगला आहे, गाडी पळेल, झोपही लागेल. पण गायरानापाशी जिथं तो वळतो तिथं काच जरा खाली करा, पलीकडे दूर देवळाचं शिखर दिसतं, आणि मनातल्या मनात बापू धोंगडेंचं नाव घ्या. शिंपी होते. दुसऱ्याच्या पहाऱ्याला गेले होते. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा.